केरबा आबा ओरडले म्हणून

मी आज जिवंत आहे तो केरबा आबांमुळे. डॉक्टरांचे उपकार आहेत, बायकोचे तर न फिटणारे आहेत. पण सगळ्यांत जास्त देणं मी लागतो ते वडवणीकडच्या एका वस्तीवरच्या या म्हाताऱ्या मेंढपाळाचं. आमचं नातं एवढंच, की आमच्या खाटा शेजारी होत्या.

आजारातून उठलेली माणसं लिहायला बसली की शेवटी सगळ्यांना माफ करतात. माझ्या हातून ते होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांच्या घरचं म्हातारं माणूस एखाद्या केंद्रात ठेवलेलं आहे, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितो आहे.

खडू

मी घाटनांदूरच्या बाजूला एका माध्यमिक शाळेत शिकवतो. आईवडील शिरूर कासारकडचे, दर हंगामाला ऊसतोडीला जाणारे. घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील कधी शाळेत आले तर अजूनही माझ्या वर्गाबाहेर चपला काढतात.

एका सकाळी नववीच्या वर्गात लिहिता लिहिता हातातून खडू गळाला. उचलायला वाकलो, तर उठता येईना. मुलं हसली, मीही हसलो. संध्याकाळी मोटारसायकलला किक बसेना. दुसऱ्या दिवशी भाकरीचा तुकडा मोडेना.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही नाही. मग ते माझ्याशी बोलायचं सोडून सुनीताशी बोलायला लागले. सुनीता माझी बायको, अंगणवाडीत काम करते.

"नसांचा आजार आहे. जीबीएस म्हणतात. माणूस यातून उठतो, पण उठायच्या आधी अजून खाली जातो."

"खाली म्हणजे कुठपर्यंत?"

"श्वासापर्यंत."

सुनीताने माझ्या पायावरचं पांघरूण नीट केलं. मला ते कळलं नाही, दिसलं फक्त.

एक डोळा, दोन डोळे

श्वासाच्या मशीनवरचे दिवस मला तुकड्यांत आठवतात. एक आया येता-जाता माझी उशी उलटी करून जायची, गार बाजू वर यावी म्हणून. तिचा चेहरा मी विसरलो. तो गारवा विसरलो नाही.

मशीन निघालं. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून बसवलेली नळी राहिली, त्यामुळे आवाज नव्हता. हातपाय लाकडासारखे. डोकं मात्र लख्ख जागं. एका डोळ्याची मिचकावणी म्हणजे हो, दोन्ही डोळ्यांची म्हणजे नाही, ही भाषा सुनीताने बसवली.

आता पुढे महिनोन्‌महिने नुसती सेवा आणि व्यायाम, असं डॉक्टर म्हणाले. सुनीताला एकटीने मला कुशीवर वळवता येत नव्हतं, घरी लहान मुलगी. तालुक्याच्या एका गावाबाहेर शुश्रूषा केंद्र होतं. बहुतेक म्हातारी माणसं, एक सिस्टर, व्यायामाला येणारे एक सर, आणि सगळ्यावर देखरेख करणारा मच्छिंद्र. मालक बाहेरगावी. मला तिथे नेलं.

शेजारच्या खाटेवर केरबा आबा. खुब्याचं हाड मोडलेलं. डोक्याला गुलाबी पटका, झोपतानाही उशाशी घडी करून ठेवलेला.

"मास्तर हाय व्हय? बरं झालं. लई दिवस झाले, कुणी मधी न बोलता ऐकणारं भेटलं न्हवतं."

मी एक डोळा मिचकावला. ते एवढे हसले की खुबा दुखून कळवळले.

दिवसभर ते बोलायचे. कोणती मेंढी खोडकर, कुठल्या माळावर लांडगा फिरतो, मुलगा बिरू कळप घेऊन कसा दूर गेलाय. पायी चालता येत नाही म्हणून यंदा ते मागे राहिले. "पर ही जागा घरचीच हाय," ते म्हणाले. नात अश्विनी, तिची सोयरीक ठरत आली होती, आणि मच्छिंद्र हा त्या नवरदेवाचा मामा. "पाव्हण्याच्या हाताखाली हाय म्हणून बिरू बिनघोर गेला."

हे सांगताना ते छताकडे बघत होते. त्याचं कारण मला त्याच दुपारी कळलं.

दुपारचं पाणी

त्या केंद्रात जेवणानंतर संध्याकाळपर्यंत कुणाला पाणी मिळत नसे. माठ खिडकीत, खाटेवरून हात पोचणार नाही असा. समोरच्या खाटेवरची एक म्हातारी हात जोडायची.

"पाणी पाजायचं, मग तुमी चादर भिजवायची, मग मी धुवायची? नोकर हाय का बे मी तुमच्या बापाचा?" मच्छिंद्र म्हणायचा. मग त्याच माठातलं पाणी गटागटा प्यायचा आणि उरलेलं खिडकीबाहेर फेकायचा.

फार हाका मारणाऱ्याचे हात जुन्या लुगड्याच्या पट्टीने खाटेच्या गजाला बांधून ठेवायचा. कानाखाली मारायचा तो उलट्या हाताने. दंडाच्या आतल्या बाजूला चिमटे काढायचा, बाही खाली आली की दिसत नाही अशा जागी.

भेटीला रविवार. शनिवारीच सगळ्यांना आंघोळ, लांब बाहीचे सदरे. रविवारी तो आल्यागेल्याला चहा करायचा, म्हाताऱ्यांचे पाय चेपायचा. लोक म्हणायचे, पोटचं पोरगं करणार नाही इतकं करतो. सुनीताही म्हणाली होती. मी दोन्ही डोळे मिचकावत राहिलो. तिला वाटलं, डोळ्यांत काही गेलंय. तिने पदराच्या टोकाने ते पुसले.

हाक

उन्हाळा लागला होता. जेवणं झालेली. सिस्टर पुढच्या खोलीत होत्या, मच्छिंद्र पलीकडे कूलरपुढे मोबाइल बघत पडलेला. माझ्या गळ्यातल्या नळीत कफ अडकला.

त्याबद्दल जास्त लिहीत नाही. हवा आत येईना. खोकायला ताकद नाही, हाक मारायला आवाज नाही. मुलगी डोळ्यांपुढे आली, तीही धूसर.

आबांनी माझ्याकडे बघितलं आणि ते ओरडले. माळापलीकडे गेलेली मेंढरं माघारी वळवायला जी हाक घालतात, ती. त्या हाकेत शब्द नव्हता, छातीच्या तळातून आलेला एक लांबलचक आवाज होता. खिडकीचं तावदान थरथरलं.

"गप बे म्हाताऱ्या!" पलीकडून मच्छिंद्र.

आबा थांबले नाहीत. ओरडणाऱ्याचं काय होतं, हे त्यांना माहीत होतं. तरी ते श्वास घेत होते आणि पुन्हा हाक घालत होते. सिस्टर धावत आल्या, त्यांनी नळी साफ केली. छातीत हवा शिरली. सिस्टर घामाघूम झाल्या होत्या. मला थोपटून, आबांना "बरं केलंत" म्हणून त्या दुसऱ्या पेशंटकडे पळाल्या.

मग मच्छिंद्र आत आला. दार लावून घेतलं.

"माझी झोपमोड करतो? सिस्टरपुढं मला कामचुकार ठरवतो?" त्याने आबांचं मनगट धरून पिळलं. उलट्या हाताने मारलं, तेव्हा आबांचं डोकं गजावर आपटलं. मग दोन्ही हात पट्टीने आवळले. त्याच घाईत म्हणाला, "आन् बिरूला बोललास तर सोयरीक मोडंल, पोरगी घरात बसंल तुजी. समजलं का?"

मी माझ्या खाटेवरून सगळं बघत होतो. बोट हलवता येत नव्हतं. डोळे मिटता येत होते, पण मी मिटले नाहीत. आबा त्याच्याकडे बघतच नव्हते. ते माझ्या छातीकडे बघत होते.

"श्वास घे, मास्तर," ते म्हणाले. "तू नुसता श्वास घे."

चेंडू

त्यानंतर मी बरा व्हायला लागलो.

लोकांना वाटतं, मुलीच्या ओढीने मी उठलो. शाळेतल्या सत्कारात मुख्याध्यापक तसंच बोलले. मी मान हलवली, कारण तिथे खरं सांगणं बरं दिसलं नसतं. मी मच्छिंद्रसाठी उठलो. व्यायामाच्या सरांनी हातात रबरी चेंडू दिला तेव्हा बोटं त्यावर नुसती पडून राहायची. मी डोळे मिटायचो, मनातल्या मनात त्या चेंडूला मच्छिंद्रची मान समजायचो, मानेवर त्याचं डोकं ठेवायचो आणि दाबायचो. एक दिवस अंगठा वाकला. सर आनंदाने ओरडले. पुढे चेंडू चेपायला लागला.

मच्छिंद्रसमोर मात्र हात तसाच मेल्यासारखा ठेवायचो. तो मला फर्निचर समजत होता, आणि फर्निचरपुढे माणूस काहीही करतो, काहीही बोलतो. आबांना मार बसतच होता, मी सगळं साठवत होतो.

पहिला शब्द

एक दिवस डॉक्टरांनी केंद्रात येऊन नळी काढली. जखमेवर कापूस दाबून म्हणाले, "बोला काहीतरी." सुनीता जवळ वाकली. तिला वाटलं, मुलीचं नाव घेईन. तिचं घेईन असंही वाटलं असेल.

"मच्छिंद्र," मी म्हणालो.

"काय पाहिजे? बोलावू त्याला?"

मग मी सगळं सांगितलं. आवाज फाटका होता, एकेका वाक्याला दम लागत होता. ती ऐकत राहिली आणि हळूहळू खाटेवर बसली. पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती. त्याच पदराने तिने माझे डोळे पुसले होते.

"मी आजच दुसरीकडे जागा बघते," ती म्हणाली.

"आबांना सोडून नाही जाणार."

"तुम्हाला बरं व्हायचंय का त्या माणसाला मारायचंय?"

"दोन्ही."

आमचं तिथेच भांडण झालं, दबक्या आवाजात. माझ्या जिवाची तिला धास्ती होती. रात्री त्याच माणसाच्या ताब्यात मला ठेवून तिला घरी जावं लागणार होतं. तिचं बरोबर होतं. पण माझ्या डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं. बिरू येईल त्या रविवारपर्यंत थांबायचं आणि तोवर काही ना काही निमित्त काढून तिने रोज येऊन जायचं, एवढ्यावर ती कशीबशी तयार झाली.

रविवार

बिरू माळावरून आला होता, बरोबर अश्विनी. बीडला कॉलेजात शिकते. बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणलेली. मच्छिंद्रने चहा आणला.

"घ्या पाव्हणं. आबांची काळजी सोडा. आबा माझं दैवत हाय."

मला राहवलं नाही. "बिरूभाऊ," मी म्हणालो, "हा माणूस तुमच्या बापाला मारतो. बांधून ठेवतो. पाणी देत नाही."

मच्छिंद्र माझ्या गळ्याकडे बघायला लागला. नळी निघाल्यापासून मी त्याच्यापुढे तोंड उघडलं नव्हतं; मी बोलू शकतो, हे त्याला तेव्हाच कळलं. बिरू आबांकडे वळला.

"आबा? मास्तर काय म्हनत्यात?"

आबांनी नातीकडे बघितलं. "मास्तरला दुपारचा ताप चढतो," ते म्हणाले. "काय बी दिसतं त्याला. पाव्हणं लई जीव लावत्यात."

"हेच म्हणतो मी, आजारी माणूस हाय," मच्छिंद्र हसला. बिरू माझ्यावरच डाफरला. "मास्तर, शिकलेली माणसं तुमी. ठरलेली सोयरीक हाय आमची. असं बोलावं का?"

आमच्या भागात सोयऱ्यासमोर सोयऱ्याची तक्रार कुणी करत नाही, मग अंगाची सालटं निघाली तरी. मी इथेच वाढलो आणि नेमकं तिथेच विचारायला गेलो. तुमच्यावर ही वेळ आली तर म्हाताऱ्या माणसाला एकटं गाठून विचारा, ज्याची भीती आहे त्याच्या देखत कधीच विचारू नका.

सुनीता मात्र शहाणी. तिने डबा धुवायच्या निमित्ताने अश्विनीला नळावर नेलं. काय बोलली ते मला नंतर कळलं. ती एवढंच म्हणाली, "तुझ्या आजोबांकडे तू नीट बघ. माझ्या नवऱ्याचं ऐकू नकोस, स्वतः बघ."

अश्विनी परत आली आणि दारातच थांबली.

"आबा, पटका कुणी बांधला?"

"मीच की."

"तुमची गाठ उजवीकडं असती. ही डावीकडं हाय." ती जवळ गेली. "आन् तुमी तर दुसऱ्याला डोक्याला हात लावू देत न्हाई. कावून बांधून घेतला?"

"सैल झालता. राहू दे."

"मी नीट बांधते."

आबांनी तिचा हात धरायचा प्रयत्न केला. मनगट सुजलेलं, पकड बसली नाही. तिने पटका उलगडायला सुरुवात केली. शेवटचा पदर कानामागे चिकटला होता. तिने माठातलं पाणी घेऊन तो भिजवला, हलक्या हाताने सोडवला. खाली जखम होती, पुन्हा पुन्हा फुटलेली, रक्त सुकून काळं पडलेलं. मग तिने सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

समोरची म्हातारी रडायला लागली.

"मामा," अश्विनी मच्छिंद्रला म्हणाली, "तुमच्या भाच्याला सांगा, सोयरीक मोडली."

"अश्वे, गप!" बिरू म्हणाला, पण त्यात जोर नव्हता.

"मी न्हाई गप बसत. आबा गप बसले, तेवढं बास झालं."

"तुज्यासाठीच बसलो गं पोरी," आबा म्हणाले, आणि वर सारलेल्या बाह्या खाली ओढायला लागले.

बिरूने कप खाली ठेवला आणि मच्छिंद्रची कॉलर धरली. माझ्या छातीत जे काही उसळलं, त्याला मी आनंदच म्हणेन. पण सुनीता मध्ये पडली. "भाऊ, हात लावू नका. तुम्ही मारलं की तो दवाखान्यात जाईल आणि केस तुमच्यावर येईल. आधी फोटो काढा. आबांना सरकारी दवाखान्यात न्या, डॉक्टरांकडून सगळं लिहून घ्या. आजच."

मला तिचा राग आला. त्याला एक तरी बसायला हवी होती, असं आजही वाटतं. पण जे टिकलं, ते तिच्या सांगण्यामुळेच टिकलं.

माझं मन लहान आहे

आबांना त्याच दिवशी हलवलं. मलाही. पोलिसांत तक्रार झाली. ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनवर सुनीताने फोन केला, नंतर समाजकल्याण खात्याच्या एक बाई केंद्रात गेल्या. त्यांनी केंद्राच्या नोकरांना बाहेर काढलं आणि एकेका म्हाताऱ्याशी त्या वेगळ्या बोलल्या. पहिल्या तिघांनी काही सांगितलं नाही. चौथीने पाणी मागितलं आणि ते पिऊन झाल्यावर बोलायला लागली. मग बाकीचेही बोलले. केंद्र बंद झालं. मच्छिंद्रला अटक झाली, पुढे जामीन मिळाला.

नवरदेवाचे वडील माझ्याकडे आले, सोबत गावातला एक वजनदार माणूस.

"मास्तर, चार घरांची अब्रू हाय. तो बी बालबच्च्यांचा हाय. तुमी शिकलेली माणसं, मोठं मन करा."

"माझं मन लहान आहे," मी म्हणालो. "जबाब देताना सहीला मला अर्धा तास लागला, तो परत घेण्यासाठी नाही."

वजनदार माणसाने चहा तसाच ठेवला. माझ्या वडिलांना फार वाईट वाटलं, मोठी माणसं घरून तशीच गेली म्हणून. रात्रभर ते माझ्याशी बोलले नाहीत. सकाळी मला आधार देऊन अंगणात चालवताना एवढंच म्हणाले, "ऊसतोडीला मुकादमानं हात उगारला की आमी खाली बघायचो. तू बघू नको."

कोर्टाचा वऱ्हांडा

मी प्रत्येक तारखेला जातो. आधी चाकाच्या खुर्चीत, मग वॉकर घेऊन, आता काठीवर. माझी गरज नसते तेव्हाही जातो. दर वेळी मी त्याला थोडा जास्त उभा दिसावा, एवढ्यासाठी.

मागच्या तारखेला ऊन फार होतं. वऱ्हांड्यातला नळ कोरडा. मच्छिंद्र बाकावर बसला होता, ओठ वाळलेले. मला बघून उठला.

"मास्तर, झालं गेलं सोडा की. चूक झाली माझी."

मी त्याच्यासमोर बसलो. पिशवीतून पाण्याची बाटली काढली. झाकण उघडायला मला अजून वेळ लागतो, तो तेवढा वेळ बघत राहिला. मग मी प्यायलो. सावकाश, घोट घोट, सगळी बाटली. उरलेले चार थेंब वऱ्हांड्याबाहेर फेकले.

हे वाचून कुणाला माझ्याबद्दल वाईट वाटेल. वाटू दे. सुनीतालाही वाटलं. मला ते पाणी फार गोड लागलं.

आता आबांच्या साक्षीची वेळ आली आहे. अश्विनीचा फोन आला, आबा नको म्हणतात. त्यांचा निरोप होता, "मास्तरला म्हनावं, सोड आता. पोरगी सुटली, मी सुटलो, बास." वकील म्हणतात, त्यांच्या तोंडून आलं नाही तर तो सुटेल. मी रात्रभर विचार करून त्यांना हे पत्र पाठवलं.

*आबा,*

*साष्टांग नमस्कार. अश्विनी, हे आबांना मोठ्याने वाचून दाखव. मध्ये त्यांनी हात केला तरी थांबू नकोस.*

*आबा, तुम्ही म्हणता सोड. तुमची दुसरी कोणतीही गोष्ट मी ऐकली असती. मला वडिलांनी जन्म दिला, शाळेने भाकरी दिली, पण त्या दुपारनंतरचा प्रत्येक श्वास तुम्ही दिलेला आहे. तो घेताना मला दर वेळी गजावर आपटलेलं तुमचं डोकं आठवतं. मी कसं सोडू?*

*तुम्ही त्याला माफ केलं असेल तर तुमचा अधिकार आहे. मी तुम्हाला शिव्या घालायला बोलावत नाही. जे झालं तेवढंच सांगा. समोरच्या खाटेवरची आजी मागच्या महिन्यात गेली. तिच्या वतीने बोलणारं कुणी नाही. माझं ऐकून त्याचा वकील विचारेल, मास्तर तर तेव्हा तापात होता ना? ते वाक्य तुमचंच आहे, आबा. ते तुम्हालाच मागे घ्यावं लागेल.*

*तुम्ही आला नाहीत तरी मी रागावणार नाही. मी एकटा उभा राहीन आणि तुमच्याइतका मोठा आवाज नसला तरी ओरडेन. पण त्या दिवशी मेंढरं वळवायची हाक तुम्ही एका माणसासाठी घातली होती. आता तो माणूस तुम्हाला हाक घालतो आहे.*

*गाडी घेऊन सुनीता सकाळीच वस्तीवर येईल. कोर्टाच्या पायऱ्या उंच आहेत. तुमची काठी आणि माझी काठी, मिळून चढू. पाण्याची बाटली मी घेतो, या वेळी दोघांना पुरेल एवढी.*

*आणि आबा, येताना पटका तुमच्या हाताने बांधून या. गाठ उजवीकडे. त्याला ती दिसू दे.*

*तुमचा,*
*मास्तर*